जित्या माणसाले खांदा

माह्या नवऱ्याचं नाव देवमन. तोंडावर मी त्याले कधी नावानं हाक मारली नाही, पण गोष्ट सांगायची म्हटलं का माणसाले नाव लागते, म्हणून घेते. मी भागीरथा. तर हा देवमन कोर्टात जबरी चोरीचा गुन्हेगार ठरला होता. चोरी कशाची, तर एका बाजेची. बाज म्हणजे आपली सुतळीची खाट. अन् ती चोरली तेव्हा तिच्यावर तिचा मालक निजला होता. मालक वर निजला असताना खालची बाज कोणी चोरते का, हे मी तेव्हा ज्याले त्याले इचारत होती. लोक हसत. हसाले काय जाते, शिक्षा काही त्यायच्या नवऱ्याले झाली नव्हती.

पहिल्यापासून सांगते. मधात बोलू नोका, मले राग येते.

आमचं गाव अचलपूरच्या अलीकडं, मोटरीच्या रस्त्यावर. गावात नत्थुजीची लाकडाची वखार. होळी आली का पोट्टे लाकडं चोरतात, हे तुमाले नव्यानं सांगाले नको. कोणाच्या दाराची फळी, कोणाचा पाट, कोणाच्या बैलबंडीचं जू. होळीवर गेलेलं लाकूड परत मागता येत नाही, अन् जो मागते त्याले सारं गाव हसते. ज्याच्या घरी लाकडाची वखारच आहे, त्याच्यावर तर पोट्टे आपला हक्कच समजत. नत्थुजी म्हातारा, हाताचा घट्ट अन् तोंडाचा फाटका. एकोणसाठच्या होळीले त्यानं चारचौघात सांगून टाकलं, यंदा एक काडी जाऊ देणार नाही. अन् दुपारपासूनच वखारीच्या फाटकात आडवी बाज टाकून, काठी उशाशी घेऊन राखण कराले बसला. बसला म्हणजे निजला. नत्थुजीची झोप गावाले माहीत होती. एकदा वखारीत नाग निघाला, माणसं धावली, आरडाओरडा झाला, नाग मारला, जाळला, अन् नत्थुजीले ते सांजच्याले कळलं.

पोट्टे आले तर फाटक अडलेलं. मंग त्यायनं ठरवलं, वखारीतलं लाकूड नाही तर मालकाच्या खालचं लाकूड. चौघांनी चार कोपरे धरून बाज खांद्यावर घेतली. त्यात नत्थुजीचा सख्खा पुतण्या जानराव, तोच सगळ्यात म्होरं. ऊन अन् माश्या लागू नये म्हणून नत्थुजीनं पांढरं पांघरूण डोक्यावरून घेतलं होतं. पोट्ट्यायले मस्ती सुचली, त्यायनं वरून गुलाल टाकला. म्हातारा जागू नये म्हणून मुकाट्यानं, हळूहळू, पाय उचलून चालले.

आता तुमीच सांगा. पांढरं पांघरूण, वर गुलाल, चार खांदेकरी, माना खाली, कोणी बोलत नाही. हे काय दिसते? तुमाले जे दिसते तेच माह्या नवऱ्याले दिसलं.

तो शाळेतून घरी येऊन राहिलता. शाळेत शिपाई होता, घंटी वाजवाचं काम. आमी छप्पन साली नागपूरले जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलतो अन् तेव्हापासून आमच्या वस्तीत होळी बंद. देवमनचा त्यात नेम असा कडक, का गावातल्या होळीचा धूर आला तरी मले म्हणे, दार लाव. वस्तीतल्या पोरायले गोळा करून त्यानंच सांगतलं होतं, होळीत जायचं नाही, लाकडं चोरायची नाही. होळीशी त्याचा संबंध एवढाच. त्यानं समोरून मयत येताना पाहिली. वहाणा काढल्या, टोपी काखेत घेतली, अन् मागच्या अंगाले एक पोट्टा धापा टाकत होता त्याच्या जागी खांदा देला. खांदा देणारा कोण गेलं हे इचारत नाही, आधी खांदा देते. त्या पोट्ट्यानं बाज सोडली अन् सुंबाल्या केला. बाकीचे तिघं बावचळले, पण आता बोलावं तर म्हातारा जागीन, म्हणून गप्प चालत राहिले.

होळीच्या चौकात त्यायनं बाज खाली ठेवली. देवमन पायथ्याशी जाऊन हात जोडून, डोळे मिटून उभा राहिला. ठेवताना बाज आदळली होती, त्यानं नत्थुजी जागा झाला अन् उठून बसला. तिघं पोट्टे पळाले. देवमननं डोळे उघडले तर मयत समोर बसून त्याच्याकडं पाहून राहिलं. दुसरा कोणी असता तर बोंबलत पळाला असता. आमचा हा पळाला नाही. त्यानं नत्थुजीच्या दोन्ही खांद्यावर हात ठेवले, त्याले खाली दाबलं अन् समजूत काढली.

"झोपा जी. झोपा. झालं आता तुमचं."

हेच त्याले भोवलं. नुसती बाज नेली असती तर चोरी झाली असती. दाबलं म्हणून जबरी चोरी झाली. नत्थुजी त्याचे हात झटकून, गुलालानं माखलेला, तसाच चौकीवर गेला अन् फिर्याद देऊन आला. तो गेला तसे पोट्टे परत आले अन् त्यायनं बाज होळीवर चढवली. पोलीस आले तोवर तिची राख झालती. मुद्देमाल म्हणून त्यायनं गुलालाचं पांघरूण जप्त केलं.

तालुक्याच्या कोर्टात चौघं उभे केले. तीन पोट्टे अन् आमचा देवमन. पोट्ट्यायनं सांगतलं, साहेब, होळी होती. साहेब हसले. नत्थुजीले इचारलं तर तोही म्हणे, पोरांची मस्करी आहे, सोडा. कारण त्यात त्याचा पुतण्या. साहेबानं तिघांले दम देऊन सोडून देलं. मंग देवमनची पाळी आली.

"तूही होळीसाठीच नेत होतास ना?"

"नाही साहेब. मी होळी मानत नाही."

"मग कशासाठी नेत होतास?"

"कशासाठी नाही साहेब. खांदा देला."

"कोणाला?"

देवमननं नत्थुजीकडं पाहिलं. नत्थुजी समोर बसून पान खात होता. जिता माणूस समोर बसला असताना, मी तुमाले मेले समजलो, असं म्हणणं बरं दिसते का? देवमनले बरं दिसलं नाही. तो गप्प राहिला. साहेबानं लिहिलं का ज्यायनं होळीसाठी बाज नेली त्यायचा हेतू चोरीचा नव्हता. हा आरोपी होळीसाठी नेत नव्हता, हे तो स्वतःच सांगते, म्हणजे स्वतःसाठीच नेत होता. वरून फिर्यादीले दाबलं. एक वर्ष सक्तमजुरी. ज्यायनं बाज चोरली अन् जाळली ते घरी गेले, अन् ज्यानं मयत समजून खांदा देला तो तुरुंगात.

अपील होईपर्यंत जामीन झाला. हेडमास्तर भला माणूस. म्हणे, अपिलाचा निकाल लागेपर्यंत मी जागा भरत नाही, पण शिक्षा कायम झाली तर माह्या हातात काही नाही. आमच्या साऱ्या खानदानात सरकारी पगाराचा हा पहिला माणूस. त्याच्या घंटीवर आमचं घर चाले, अन् वस्तीतल्या बाया लेकरायले सांगत, शिका, देवमनसारखे व्हा. आता त्याच बाया मले पाहून पदर तोंडाले लावत. अकोल्याले माहं माहेर, तिथून बापानं निरोप पाठवला, का बाज चोरायची होती तर सांगाचं होतं, इथं दोन पडल्या आहेत. बाप माहा, पण असा.

अमरावतीले राजापेठेत मोरोपंत म्हणून वकील होते. हेडमास्तरची चिठ्ठी घेऊन आमी त्यायच्याकडं गेलो. पंतांनी खालच्या कोर्टाचा निकाल वाचला अन् चष्मा काढून डोळे पुसले. मले वाटलं, रडून राहिले. हसून राहिलते.

"अगदी सोपं आहे," पंत म्हणाले. "आरोपी पहिल्या कोर्टात घाबरला म्हणून वेडंवाकडं बोलला. खरं म्हणजे बाकीच्यांसारखी त्यानंही होळीसाठीच बाज नेली. ते तिघे सुटले, मग याला शिक्षा कशी? पाच मिनिटांत सुटशील, देवमन."

"नाही जी," देवमन म्हणे. "मी होळीसाठी नेत नव्हतो."

"अरे, नसशील. म्हणायचं फक्त."

"मी होळी मानत नाही जी."

पंतांनी माह्याकडं पाहिलं. मी म्हटलं, तो नाही म्हणते तर त्याची बायको म्हणते, होळीसाठीच नेत होता, लिहा. अन् त्याच्याकडं वळून म्हटलं, एक डाव म्हण ना. एवढा एकच दिवस मान अन् मंग जन्मभर नको मानू. कोर्टात मानली तर काय अंगाले चिकटते?

"वस्तीतल्या पोरायले मीच सांगतलं होळीत जाऊ नोका," तो म्हणे. "आता सरकारी कागदावर लिहून देऊ, का मी सगळ्यात आधी गेलतो?"

"अन् तू तुरुंगात गेल्यावर आपल्या पोरायले भाकर कोण देईन?" मी म्हटलं.

मंग पंतांनी त्याले प्रेमानं इचारलं, बाबा, होळीसाठी नाही, चोरीसाठी नाही, मग तू त्या बाजेखाली शिरलास कशाला? देवमन जमिनीकडं पाहून म्हणे, "मले वाटलं नत्थुजी मेले."

पंतांचं हसू थांबलं. ते उठून उभे राहिले, खिडकीपाशी गेले, परत आले. "हे खालच्या कोर्टात का नाही सांगितलंस?"

"ते समोर बसलते जी. त्यायले वाईट वाटलं असतं."

पंत म्हणाले, माझी सगळी उमर वकिलीत गेली, असा बचाव कोणी घेतलेला ऐकला नाही. मंग त्यायनं साफ सांगतलं, होळी म्हटलंस तर नक्की सुटशील. हे म्हटलंस तर जज्जसाहेब एक तर हसतील, नाही तर कोर्टाची थट्टा केली म्हणून वर्षाची शिक्षा कायम करतील. काय लिहू? देवमन म्हणे, हेच लिहा. घरी येताना मोटरीत मी त्याच्याकडं पाठ करून बसली. राग एवढा होता का वाटेत वलगावले उतरून पायी जावं वाटलं.

अपिलाची तारीख पुढच्या सालच्या चैतात लागली. ऊन असं का कोर्टातल्या खुर्चीले हात लागला तरी चटका बसे. मी मागच्या बाकावर बसली. नत्थुजीही आला होता. त्याले कोणी बोलावलं नव्हतं, पण देवमन्याले शिक्षा होताना डोळ्यानं पाहीन म्हणून पहिल्या मोटरीनं आला, सकाऊन पोटभर ठेचा-भाकर खाऊन. जज्जसाहेब म्हातारे, चष्म्याच्या वरून पाहणारे. जानराव अन् ते पोट्टे आले नव्हते, त्यायचं काय अडलं होतं.

पंतांनी सांगतलं का माझा अशील फिर्यादीला मृत समजला. सगळं कोर्ट हसलं. सरकारी वकील उठले, जाडजूड, पानाची सवय असलेले. ते म्हणाले, "साहेब, समजा मृत समजला. मेलेल्या माणसाला दोन्ही हातांनी दाबून धरायची काय गरज?"

पंत म्हणाले, "आणि जिवंत माणसाला 'झालं आता तुमचं' असं कोण म्हणतं? हे शब्द खुद्द फिर्यादीच्या फिर्यादीत आहेत. चोरानं बाज हवी असेल तर माणसाला खाली उतरवलं असतं. यानं त्याला परत झोपवलं."

जज्जसाहेबानं कागद चाळले. मंग त्यायनं सरळ देवमनलेच इचारलं. "रस्ता मसणवट्याचा नव्हता. तुम्ही होळीच्या चौकाकडे चालला होता. रडारड नाही, पुढे मडकं धरलेला कोणी नाही. तुला शंका नाही आली?"

"आली साहेब."

"मग खांदा का सोडला नाहीस?"

मी मनात म्हटलं, आता तरी होळी म्हण बाबा. तो म्हणे, "साहेब, आजवर गावात आमाले कोण्या मयताले हात लावू देला नाही. आमी दुरून पाहत असतो. त्या दिवशी मी खांदा देला अन् कोणी हटकलं नाही. मले वाटलं, गाव बदललं. मंग रस्ता कुठं चालला, हे इचाराचं मले सुचलंच नाही."

कोर्टात कोणी हसलं नाही. मले हे ठाऊक नव्हतं. एवढे महिने मी त्याच्या डोक्याशी भांडत होती अन् त्यानं हे मले सांगतलं नव्हतं. माह्या डोळ्यात पाणी आलं अन् मले त्याचाही राग आला, का हे त्यानं घरी चुलीपाशी सांगाचं सोडून कोर्टात सांगतलं.

सरकारी वकिलाले ती शांतता आवडली नाही. त्यायनं नत्थुजीकडं हात केला. "साहेब, फिर्यादी इथं हजर आहेत. अंगानं धडधाकट आहेत. यांना पाहून कोणी मेलेलं समजेल का?"

नत्थुजी उभा राहिला, छाती काढून. मिशीवरून हात फिरवला. तो माणूस पाहून माहं डोकं फिरलं.

"आता जागा आहे म्हणून," मी मागून म्हटलं. "झोपून दाखव म्हणा त्याले."

पट्टेवाल्यानं मले गप्प केलं. जज्जसाहेबानं चष्म्यावरून पाहिलं अन् इचारलं, ही बाई कोण? पंत म्हणाले, आरोपीची पत्नी, माफी असावी, पण साहेब, मुद्दा तिनं बरोबर काढला; झोपलेला फिर्यादी कसा दिसतो याचा पुरावा कागदात कुठंच नाही, आणि अपिलात जास्तीचा पुरावा घ्यायची कायद्यात सोय आहे. सरकारी वकील म्हणाले, हा पोरखेळ आहे. नत्थुजी म्हणे, "दाखवतो ना. मी काय भेतो का? साऱ्या कोर्टाले दाखवतो का नत्थुजी मेल्यासारखा दिसत नाही."

जज्जसाहेब विचारात पडले. मले वाटते त्यायलेही पाहाचं होतं. त्यायनं हुकूम केला.

आवारातल्या निंबाखालून चौकीदाराची बाज आणली. मुद्देमालातलं पांघरूण काढलं, गुलाल अजून तसाच. नत्थुजी बाजेवर आडवा झाला, पांघरूण डोक्यावरून घेतलं अन् आतून म्हणे, "पाहा आता." सरकारी वकिलानं बोलाले सुरुवात केली. पांघरुणाखाली छाती कशी वरखाली होते, पायाची बोटं कशी हालतात, शहाण्या माणसाला हे कसं दिसलं पाहिजे, असं सगळं. पहिल्यांदा बोटं हालत होती, हे खरं. पण त्यायचं बोलणं लांबलं, वर पंखा संथ फिरत होता, अन् नत्थुजीच्या पोटात सकाळची भाकर होती. बोटं थांबली. छाती एवढी हळू झाली का पट्टेवाला वाकून पाहाले लागला.

"ठीक आहे," जज्जसाहेब म्हणाले. "उठा आता."

नत्थुजी उठला नाही. सरकारी वकिलानं त्याले हालवलं. पट्टेवाल्यानं कोर्टाच्या रीतीनं दारात जाऊन तीनदा पुकारा केला, नत्थुजी हाजीर है. बाहेरून कोणी तरी म्हणे, नाही आला. मी म्हटलं असतं, नाग निघाला तरी हा उठत नाही, पण मले कोण इचारते.

जज्जसाहेबानं घड्याळाकडं पाहिलं. पुढच्या खटल्याचे लोक दारात उभे होते. ते म्हणाले, आहे तसं बाहेर नेऊन ठेवा, आणि अर्धा तास कोर्ट उठलं. सरकारी वकील पान खाले बाजूच्या दारानं निघून गेले. चार पट्टेवाले आले, त्यायनं बाज खांद्यावर घेतली अन् हळूच बाहेर काढली, म्हातारा पडला तर नवीन भानगड नको म्हणून.

मी त्यायच्या मागून गेली, देवमन माह्या मागं, पंत त्याच्या मागं. व्हरांड्यात बाकावर बसलेले पक्षकार एक एक करून उभे राहिले. टोप्या उतरल्या. निंबाखाली कागद लिहिणारे कारकून बसत, त्यायनं लेखणी थांबवली. एका म्हातारीनं मले इचारलं, "कोण गेलं वं?" अन् उत्तराची वाट न पाहता डोळ्याले पदर लावला. एक कोणता तरी शेतकरी, त्याचा या खटल्याशी काही संबंध नाही, हातातली पिशवी खाली ठेवून आला अन् मागच्या पट्टेवाल्याच्या जागी खांदा देऊन उभा राहिला. पट्टेवाल्यानं त्याले इचारलं नाही अन् त्यानं पट्टेवाल्याले इचारलं नाही.

अन् तेवढ्यात पानाच्या ठेल्याकडून सरकारी वकील येऊन राहिलते. समोर माणसायची भिंत, सगळे हात जोडून उभे, मधातून पांढरं पांघरूण जाऊन राहिलं. त्यायनं तोंडातलं पान गालात सारलं अन् हात जोडले. मान खाली घातली. मंग कोण आहे ते त्यायच्या ध्यानात आलं अन् ते तसेच, हात जोडलेले, थिजून उभे राहिले. मी वर पाहिलं. खिडकीत जज्जसाहेब उभे होते.

अर्ध्या तासानं कोर्ट परत बसलं. जज्जसाहेब लिहून घ्याले सांगत होते. सरकारी वकिलांना फिर्यादी जिवंत असल्याचं ठाऊक होतं, तरी त्यांनी हात जोडले, हे कोर्टानं स्वतः पाहिलं. आरोपीला तर ठाऊकही नव्हतं. अपील मंजूर, शिक्षा रद्द. मुद्देमालाचं पांघरूण फिर्यादीस परत. एवढं झाल्यावर फिर्यादीले उठवाले निंबाखाली माणूस पाठवला.

सांजच्या मोटरीले नत्थुजी आमच्याच बाकावर येऊन बसला. पांघरुणाची घडी मांडीवर. ती त्यानं दोनदा उलगडली अन् परत घातली. मंग म्हणे, "देवमन, खरं सांग. खरंच मेल्यासारखा दिसतो का रे मी?"

देवमननं विचार केला. "झोपल्यावर दिसता जी."

नत्थुजीनं खिडकीतून बाहेर पाहिलं. "साऱ्या अमरावतीनं टोप्या काढल्या म्हणे." मंग त्याले हसू आलं, अन् देवमनले आलं, अन् मलेही आलं, नको असताना. उतरताना नत्थुजी म्हणे, "मी खरा मरीन तेव्हाही येजो खांद्याले. तुले सवय झाली आता."

देवमन परत घंटी वाजवाले लागला. बाया परत लेकरायले सांगाले लागल्या, देवमनसारखे व्हा. तो वखारीवरून जाताना नत्थुजी त्याले हाक मारी, देवमन, आहे रे मी अजून. अशी तीन-चार वर्षं गेली.

मंग एका हिवाळ्यात नत्थुजी निजला अन् उठला नाही. घरच्यांनी ऊन वर येऊ देलं, त्याची सवय म्हणून. मंग वैद्य आणला. दुपारी मयत निघाली ती शाळेवरून. मी देवमनचा डबा घेऊन तिथं गेलती. देवमननं मयत पाहिली, घंटीचा हातोडा खाली ठेवला, वहाणा काढल्या, टोपी काखेत घेतली. मी म्हटलं, "नीट पाहून जा. जिता असला तर परत अमरावती." तो हसला. "बोलावलं आहे मले त्यायनं," म्हणे अन् गेला.

म्होरं जानराव होता, मडकं धरून. मागच्या अंगाले एक म्हातारा थकून धापा टाकत होता. देवमन त्याच्या जागी जाले गेला, तसा बाजूच्या एकानं हात आडवा केला. जोरानं नाही. बोलला पण हळूच, मयतीत बोलतात तसं.

"तू नोको, देवमन."

देवमननं जानरावकडं पाहिलं. जानरावनं सगळं ऐकलं होतं. तो मडक्याकडं पाहत राहिला अन् चालाले लागला. मयत गेली. देवमन वहाणा हातात घेऊन रस्त्याच्या कडेले उभा राहिला, शेवटचा माणूस जाईपर्यंत. मंग माह्यापाशी आला.

"यावेळी खरंच मेला वं नत्थुजी," तो म्हणे.